नवे मासे घरच्या टाकीत सोडताना: दुकानातल्या पिशवीपासून मुख्य टाकीपर्यंत

गोड्या पाण्याची दोन-तीन फुटी टाकी घरात व्यवस्थित चालू आहे, त्यात टेट्रा, मॉली, गुरामी असे वेगवेगळ्या जातींचे मासे गुण्यागोविंदाने नांदत आहेत आणि आता त्यांत आणखी काही माशांची भर घालायची आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. नवख्या माणसाला दुकानातून बहुधा एकच सूचना मिळते: पिशवी पंधरा मिनिटे पाण्यावर तरंगू द्या आणि मग मासे सोडा. ही सूचना चुकीची नाही. फक्त ती संपूर्ण प्रक्रियेतल्या एका छोट्या टप्प्याबद्दल आहे. नवे मासे आणल्यावर आठ-दहा दिवसांनी जुने मासेही मरू लागतात, तेव्हा त्याचे कारण त्या पंधरा मिनिटांत क्वचितच सापडते. एक तर खरेदीआधी टाकीची तपासणी झालेली नसते, किंवा नवे मासे काही आठवडे वेगळे ठेवलेले नसतात. म्हणून पुढे विलगीकरणाला सर्वांत जास्त जागा दिली आहे. माझ्या मते औषधांच्या चार बाटल्यांपेक्षा एक साधी, रिकामी, वेगळी टाकी जास्त मासे वाचवते.

तुमची टाकीच नवी असेल, म्हणजे पाणी भरून सहा आठवडेही झाले नसतील, तर सध्या नवे मासे आणू नयेत.

पायरी १: आधी जुन्या टाकीची तपासणी करा

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर आणि दगडांवर वाढलेले जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंची संख्या त्यांना रोज मिळणाऱ्या अमोनियावर अवलंबून असते. सहा माशांच्या टाकीत सहा माशांना पुरतील एवढेच जिवाणू असतात, त्यामुळे एकदम आणखी सहा मासे सोडले तर जिवाणू वाढेपर्यंत अमोनिया साचत राहतो. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) आणि तापमान जितके जास्त, तितका तो अमोनिया अधिक विषारी ठरतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी मे महिन्यात म्हणूनच अधिक सावध राहावे.

खरेदीआधी थेंबांच्या टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, शक्यतो २० च्या आसपास असले पाहिजे. यांपैकी पहिल्या दोन आकड्यांत तडजोड नाही. गेल्या महिनाभरात टाकीत कोणताही आजार झाला असेल तरीही थांबा.

टाकीत नेमके किती पाणी आहे, हेही मोजून घ्या. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा व १००० ने भागावे. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३५ सेंमी पाणी असलेल्या टाकीत ६३ लिटर येतात. वाळू आणि दगडांची जागा वजा केली की प्रत्यक्षात पाणी ५५ लिटरच्या आसपास उरते. औषधाची मात्रा याच आकड्यावर ठरते, दुकानदाराने सांगितलेल्या टाकीच्या आकारावर नव्हे.

पायरी २: मासा निवडताना आधी पाणी पाहा, मग रंग

मुंबईला तलावांतून येणारे पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचे आहे. त्यात निऑन टेट्रा, रासबोरा, कोरी यांसारखे मासे सुखाने राहतात. उलट बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल अधिक चांगले तग धरतात. जड पाण्यात निऑन आणून मग पीएच उतरवण्याची रसायने घालत बसण्यापेक्षा आपल्या नळाला मानवणारा मासा आणणे केव्हाही शहाणपणाचे आहे, कारण माशाला थोडा वेगळा पीएच चालतो, पण दर आठवड्याला वरखाली होणारा पीएच सोसत नाही.

दुसरा प्रश्न पूर्ण वाढीचा. दुकानात दोन इंचांचा दिसणारा सकर, जो ‘काच साफ करतो’ म्हणून हमखास गळ्यात मारला जातो, पुढे फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. सिल्व्हर शार्कचेही तसेच. आणि ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा राखाडी चकचकीत पंगास तर मुळात खाण्यासाठी पाळला जाणारा मासा आहे. तो घरातल्या कोणत्याही टाकीत मावणारा नाही. एंजल लहानपणी निऑनबरोबर शांतपणे फिरतो आणि मोठा झाल्यावर त्याच निऑनना गिळतो. टायगर बार्ब लांब परांच्या माशांचे पर कुरतडतो. गोल्डफिशला थंड पाणी लागते आणि त्याची घाणही पुष्कळ होते, त्यामुळे तो या कुटुंबात बसत नाही. टेट्रा, रासबोरा, कोरी हे थव्याने राहणारे मासे किमान सहा घ्यावेत. दोन-दोन करून आणलेले असे मासे कोपऱ्यात दडून बसतात आणि हळूहळू खंगतात. सुई टोचून किंवा बुडवून कृत्रिम रंग चढवलेले मासे घेऊ नयेत. तो रंग काही महिन्यांत फिका पडतो आणि रंगवताना माशाला झालेली इजा मात्र मागे राहते.

पायरी ३: साहित्य जमवा

मासे आणण्याच्या दिवशी नव्हे, त्याआधी पुढील वस्तू हाताशी असाव्यात.

- ३० ते ४० लिटरची झाकण असलेली साधी टाकी. काचेची नसेल तर खाद्यपदार्थांसाठी वापरतात तसा प्लास्टिकचा पारदर्शक डबाही चालतो
- एअर पंप, नळी आणि स्पंज फिल्टर
- ५० वॅटचा हीटर आणि वेगळा थर्मामीटर
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजण्याचे किट. शिवाय पेनसारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, मोजणारा)
- अँटी-क्लोरीन
- या टाकीसाठी वेगळी जाळी, वेगळी सायफन नळी आणि वेगळी बादली. तिन्हींवर खूण करून ठेवा
- औषधांच्या दुकानात मिळणारा सलाईनचा सेट
- आयोडीन नसलेले जाडे मीठ
- वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप

पायरी ४: विलगीकरणाची टाकी तयार ठेवा

नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की वेगळी टाकी म्हणजे वेगळे पाणी भरलेले भांडे. फिल्टरमध्ये जिवाणू नसतील तर अशा टाकीत तीन-चार दिवसांत अमोनिया वाढतो आणि मासे आजाराने नव्हे तर आपल्याच घाणीने मरतात. यावर उपाय सोपा आहे. नवा स्पंज फिल्टर चार ते सहा आठवडे आधीपासून मुख्य टाकीत एका कोपऱ्यात चालवत ठेवावा आणि मासे आणायच्या दिवशी तो उचलून विलगीकरणाच्या टाकीत लावावा. इतके दिवस हाताशी नसतील तर मुख्य फिल्टरमधल्या जुन्या स्पंजचा एक तुकडा कापून घ्या आणि अमोनिया रोज मोजा.

या टाकीत वाळू नको, दगड नकोत. तळ उघडा असला की उरलेले खाद्य आणि विष्ठा दोन्ही दिसतात, आणि विष्ठेचा रंग हे पुढे निदानाचे साधन ठरते. लपण्यासाठी मात्र पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे किंवा प्लास्टिकची झाडे टाका, कारण आडोसा नसलेला मासा सतत भेदरलेला राहतो. पाणी शक्यतो मुख्य टाकीतलेच निम्मे घ्या आणि उरलेले क्लोरीन काढलेले नळाचे. क्लोरीन उघड्या बादलीत रात्रभरात बराचसा उडून जातो. मात्र पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे नळाच्या पाण्यात त्याची मात्रा अधिक असू शकते आणि क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) तर उघडे ठेवून जात नाही, म्हणून अँटी-क्लोरीन वापरावेच. हीटर २६ अंशांवर ठेवा.

पायरी ५: दुकानात काय पाहावे

मुंबईकर कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जातात, इतर शहरांतही ठरलेल्या गल्ल्या आहेत. मासे मात्र अनेकदा चेन्नई किंवा कोलकात्याहून लांबचा प्रवास करून आलेले असतात. “आजच माल आलाय, एकदम फ्रेश आहे,” असे दुकानदार सांगेल. भाजीच्या बाबतीत ही शिफारस असते, इथे मात्र ती परत फिरण्याची सूचना समजावी. आठवडाभर दुकानात राहिलेला आणि खात असलेला मासा निवडा. चांगला दुकानदार आगाऊ रक्कम घेऊन मासे बाजूला ठेवतो.

काचेजवळ पाच मिनिटे उभे राहून पाहा. पर पसरलेले असावेत. अंगाला चिकटवून ठेवलेले पर हे त्रासाचे पहिले चिन्ह आहे. कल्ल्यांची हालचाल दोन्ही बाजूंना सारखी आणि संथ असावी. पोट आत गेलेले, डोळे बाहेर आलेले, एकाच जागी थरथरणारे किंवा दगडाला अंग घासणारे मासे दिसले तर ती पूर्ण टाकी सोडून द्या, फक्त तो मासा नव्हे. तळाशी मेलेला मासा असेल तरीही तसेच. शिवाय शेजारच्या टाक्यांकडेही नजर टाका, कारण अनेक दुकानांत रांगेतल्या सगळ्या टाक्या एकाच फिल्टरला जोडलेल्या असतात आणि एकच जाळी सगळीकडे फिरते. शेवटी खाद्य टाकून दाखवायला सांगा. मासा चटकन वर येऊन खात नसेल, तर कितीही देखणा असला तरी तो घेऊ नये.

दुकानातल्या पाण्याचा टीडीएस आणि पीएच पिशवी बांधण्यापूर्वीच मोजून घ्या. यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

पायरी ६: घरी आणणे

पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा किंवा ऑक्सिजन असावा. लहान मासे पिशवीच्या कोपऱ्यात अडकून चिरडतात, म्हणून दोन्ही कोपरे रबरबँडने बांधून घ्या. कोरी मासे घाबरले की विषारी स्राव सोडू शकतात. त्यांना वेगळी पिशवी मागा. थर्मोकोलचा डबा किंवा निदान जाड कापडी पिशवी बरोबर न्यावी, अंधारात मासे शांत राहतात. स्कूटरच्या डिकीत पिशवी ठेवू नये; इंजिनाच्या उष्णतेने तिथले पाणी अर्ध्या तासात घातक पातळीला जाऊ शकते.

पायरी ७: पाण्याची सवय करणे

खोलीतले दिवे मंद करा, टाकीचा दिवा बंद ठेवा आणि बंद पिशवी १५ ते २० मिनिटे विलगीकरणाच्या टाकीतच तरंगू द्या. ती मुख्य टाकीत तरंगवू नये. पिशवीच्या बाहेरच्या बाजूलाही दुकानाचे पाणी लागलेले असते.

यापुढची पद्धत प्रवासाच्या कालावधीवर ठरते, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते.

दुकान तास-दीड तासाच्या अंतरावर असेल तर थेंबाथेंबाने पाणी मिसळावे. मासे पिशवीतल्या पाण्यासह लहान बादलीत घ्या. सलाईनच्या नळीचे एक टोक टाकीत सोडून दुसऱ्या टोकाने पाणी ओढा आणि नळीवरचे चाक फिरवून सेकंदाला तीन ते चार थेंब पडतील असे ठेवा. सेटच्या पाकिटावर २० थेंबांना १ मिलिलिटर असे लिहिलेले असेल, तर मिनिटाला ९ ते १२ मिलिलिटर पाणी पडते आणि बादलीत अर्धा लिटर पाणी असल्यास पाऊण तासात ते साधारण दुप्पट होते. एवढे पुरते. दुकानाच्या आणि तुमच्या टीडीएसमधला फरक १०० च्या आत असेल तर अर्ध्या तासातही भागते. तो दुपटी-तिपटीचा असेल तर बादलीतले निम्मे पाणी काढून हीच क्रिया पुन्हा करावी. थंडीच्या दिवसांत बादलीतले पाणी दरम्यान गार होते, म्हणून थर्मामीटर बादलीत ठेवा.

मासे कुरियरने दिवसभराहून अधिक काळ प्रवास करून आले असतील तर मात्र ही पद्धत टाळावी. बंद पिशवीत माशांच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो; त्या कमी पीएचमुळे साचलेला अमोनिया अमोनियमच्या तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच चढू लागतो आणि तेच अमोनियम विषारी अमोनियात बदलते. अशा वेळी तासभर थेंब पाडत बसणे म्हणजे माशांना त्याच विषात डांबून ठेवणे होय. फक्त तापमान जुळवा, पिशवी उघडा आणि मासे लगेच स्वच्छ पाण्यात न्या. विक्रेत्याकडून त्याच्या पाण्याचा टीडीएस आधी विचारून विलगीकरणाचे पाणी त्याच्या जवळपास ठेवले तर उत्तम.

दोन्ही पद्धतींत एक नियम सारखाच: मासे जाळीने किंवा हाताने कपात धरून उचलावेत, पिशवीतले पाणी कोणत्याही टाकीत ओतू नये. ते झाडांना घाला.

पायरी ८: तीन ते चार आठवडे वेगळे ठेवा

पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये. दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर द्या, दोन मिनिटांत संपेल इतकेच. अमोनिया आणि नायट्राइट पहिला आठवडा रोज मोजा. थोडेही आढळले तर चौथा हिस्सा पाणी बदला. नायट्राइट वाढलेच तर लिटरला एक ग्रॅम मीठ तात्पुरता आधार देते, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट शिरू देत नाही. कोरी आणि लोच मात्र जास्त मीठ सहन करत नाहीत.

तीन-चार आठवडेच का, याचे उत्तर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात आहे. हा परजीवी माशाच्या कातडीखाली काही दिवस पोसतो, तेव्हा तो बारीक मिठाच्या दाण्यासारखा दिसतो. मग तो गळून तळाशी जातो, कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात; त्यांना एक-दोन दिवसांत नवा मासा गाठावा लागतो. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालच्या किंवा कवचातल्या अवस्थेवर नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्याबरोबर औषध बंद करणाऱ्यांकडे रोग पुन्हा उद्भवतो. २५-२६ अंशांना हे चक्र साधारण आठवड्यात पूर्ण होते, पण नाशिक-पुण्याच्या थंडीत पाणी १८-२० अंशांवर गेले की तेच बरेच लांबते. हीटरशिवाय दहा दिवस वेगळे ठेवून ‘काही दिसले नाही’ म्हणणे निरर्थक आहे ते यामुळे.

ठिपके दिसलेच तर तापमान दर काही तासांनी एक अंश याप्रमाणे ३० पर्यंत न्या, हवेचा झोत वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि मॅलाकाइट ग्रीन असलेले औषध बाटलीवरील मात्रेने द्या. टेट्रा आणि लोच यांना निम्मी मात्रा पुरे. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो आधी काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो.

रोज रात्री दिवे बंद करून टॉर्चचा तिरपा प्रकाश माशांवर टाका. अंगावर सोनेरी भुकटी पसरल्यासारखी दिसली तर तो वेल्व्हेट नावाचा वेगळा आणि अधिक वेगाने मारणारा रोग असतो. गप्पी आणि मॉलीच्या गुदद्वारातून लाल धाग्यासारखे काही डोकावत असेल तर ते कॅमेलॅनस जंत समजावेत. त्यांवर साधी जंतनाशके नव्हे, लेव्हामिसोल लागते. विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लोंबत असेल, मासा खातो आणि तरी पोट खपाटीला जाते, तर तेही आतल्या परजीवीचे लक्षण असू शकते. पर कुरतडल्यासारखे दिसणे मात्र बहुतेक वेळा नुसत्या स्वच्छ पाण्याने सुधारते.

‘खबरदारी म्हणून’ निळे किंवा पिवळे औषध टाकण्याची दुकानी पद्धत मला पटत नाही. मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंना मारते, म्हणजे नसलेल्या रोगावर उपचार करताना तुम्ही असलेले संरक्षण घालवता. लक्षण दिसल्यावर, रोग ओळखून, एकच औषध द्यावे. एखादा मासा आजारी पडला तर दिवसांची मोजणी त्याच्या बरे होण्यापासून पुन्हा सुरू होते. या काळात काम नेहमी मुख्य टाकीचे आधी आणि विलगीकरणाचे नंतर करा, आणि दोन्हींच्या मध्ये हात धुवा.

शेवटच्या आठवड्यात इकडचे पाणी बदलताना मुख्य टाकीतून सायफनने काढलेले पाणी भरा. त्यामुळे दोन्ही पाणी आपोआप जुळत जाते आणि पुन्हा थेंब पाडण्याची गरज उरत नाही. पाणी मुख्य टाकीतून इकडे येते. इकडचे तिकडे कधीच जात नाही.

पायरी ९: मुख्य टाकीत प्रवेश

५५-६० लिटरच्या टाकीत एका वेळी पाच-सहा लहान माशांपेक्षा जास्त सोडू नयेत आणि पुढच्या खेपेआधी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. क्रमही महत्त्वाचा आहे: बुजरे आणि थव्याचे मासे आधी, हद्द सांभाळणारे गुरामी किंवा एंजल सर्वांत शेवटी.

संध्याकाळची वेळ निवडा. आधी दोन-तीन दगड आणि झाडांच्या जागा बदला, म्हणजे जुन्या माशांनी ठरवलेल्या हद्दी मोडतात आणि सगळेच काही काळ गोंधळलेले राहतात. मग जुन्यांना भरपेट खाऊ घाला, दिवा बंद करा आणि नवे मासे जाळीने सोडा. झाकण नीट लावा. डॅनिओ आणि स्वोर्डटेल पहिल्याच रात्री उडी मारतात. दिवा दुसऱ्या दिवशी सकाळीच लावावा.

पायरी १०: त्यानंतरचे दोन आठवडे

पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया व नायट्राइट मोजा आणि या काळात खाद्य नेहमीपेक्षा कमी ठेवा. थोडी पाठलाग-पळापळ स्वाभाविक आहे. मात्र एखादा मासा हीटरच्या मागे किंवा वरच्या कोपऱ्यात खिळून राहत असेल, त्याचे पर फाटत असतील किंवा तो खायला येत नसेल, तर कारवाई करा. त्रास देणाऱ्याला पाच-सहा दिवस तरंगत्या ब्रीडिंग बॉक्समध्ये ठेवले, की परत आल्यावर त्याची दादागिरी बरीच उतरलेली असते. उतरली नाही तर तो मासा दुकानाला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला द्यावा. नदी, तलाव, विहीर किंवा विसर्जनाच्या हौदात सोडू नये. असेच सोडलेले सकर आज आपल्या देशातल्या अनेक जलाशयांत स्थानिक माशांच्या जिवावर उठले आहेत.

विलगीकरणाची टाकी रिकामी झाली की ती आणि तिची जाळी, नळी, बादली घासून दोन-तीन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवा. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कोरडेपणात टिकत नाही. आजार झाला असेल तर स्पंज फेकून द्या आणि नवा घ्या. काहीच झाले नसेल तर तोच स्पंज मुख्य टाकीच्या कोपऱ्यात परत लावून ठेवा, म्हणजे पुढच्या खरेदीच्या वेळी तो तयार असेल.